मॉर्गन लिहिलेली फ्रेंच रेड वाइन आहे, द्राक्ष कुठलं? आणि आखाडाच्या मटणाबरोबर चालेल का?

टिळकवाडी_बाळू

नमस्कार मंडळी. जरा वेगळाच प्रश्न विचारालोय, हसू नका. आमचा मेव्हणा दुबईला असतोय, गेल्या वर्षी एप्रिलात येताना तिथल्या विमानतळावरनं एक फ्रेंच रेड वाइनची बाटली घेऊन आला, भावजी तुम्हाला म्हणून हातात दिला आणि गेला. मी ती आपली शोकेसमध्ये उभी करून ठेवलो. वरच्या कप्प्यात गणपती आहे, त्यामुळं आई रोज उदबत्ती फिरवताना बाटलीकडं एकदा बघते आणि माझ्याकडं एकदा बघते. आता पुढच्या रविवारी आमच्याकडं आखाडाचं जेवण आहे, श्रावण लागायच्या आत, चुलतभाऊ, दोन मेव्हणे, निपाणीचे काका धरून दहा-बारा जण होतात, तर म्हटलं त्या दिवशी उघडून टाकू या एकदाची.

पण लेबलवर मोठ्या अक्षरात नुसतं मॉर्गन लिहिलंय. खाली बारीक फ्रेंचमध्ये दोन-तीन ओळी आहेत, २०२० आहे, १३ टक्के आहे, ७५० मिली आहे, द्राक्षाचं नाव कुठंच नाही. आपल्या नाशिकच्या बाटलीवर कसं शिराज, कॅबरने असं ठळक लिहिलेलं असतंय की. मॉर्गन म्हणजेच द्राक्ष काय? सर्च मारलो तर आधी घोड्याची जात आली, मग एक मोटारगाडी आली, वाइन काय दिसेना. दुसरं म्हणजे मटण आमच्याकडं कसं असतंय तुम्हाला माहीत आहे, तांबडा रस्सा भुरका मारला की कान गरम होतात, त्याच्याबरोबर ही चालते काय? आणि फ्रिजात ठेवायची का नाही? रेड वाइन कधी फ्रिजात ठेवू नये असं एकजण म्हणाला. एक उन्हाळा शोकेसमध्ये काढलीय बिचारीनं, खराब झाली असली तर पाहुण्यांसमोर फजिती नको.

कॅम्प_बुलेट

मॉर्गन म्हणजे बोजोले भागातली रे. बोजोले वाइन नोव्हेंबरात येते आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत संपवायची असते, केळ्याचा आणि बबलगमचा वास येतोय तिला. २०२० ची म्हणालास तर तिचं व्हिनेगर झालं असणार. सॅलडवर घाल आणि काकांना सरळ रम दे.

खानापूर_रानवाट

बुलेटराव, अर्धं बरोबर आहे तुमचं, पण त्या अर्ध्यात बाळूची बाटली नासवालाय तुम्ही :)

मी गोव्यात हॉटेल लाइनीत १४ वर्षं काढलोय, त्यातली सहा रेस्टॉरंटला, म्हणून सांगतो. बाळू, आधी उच्चार. मोर्गों म्हणायचं, शेवटी नाकात. विलिए-मोर्गों नावाचं गाव आहे फ्रान्समध्ये, लियों शहराच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर, तिथल्या डोंगरउतारावरची ही वाइन. हा सगळा पट्टा बोजोले. आता लेबलवर द्राक्ष का नाही, तर तिकडं जुन्या भागात गावाचं नाव म्हणजेच माल. कायद्यानंच ठरलेलं असतंय की या गावाचं नाव लावायचं तर अमुकच द्राक्ष, अमुकच शीव. मोर्गोंला तो दर्जा १९३६ मध्ये मिळालाय. डब्यावर उद्या कुणी नुसतं गोकाक लिहिलं तरी आत करदंट आहे हे आपल्याला सांगावं लागतंय काय? तसंच ते. फ्रेंच माणूस मोर्गों वाचला की त्याला गामे द्राक्ष आपोआप कळतंय.

तर द्राक्ष गामे. पूर्ण नाव घेतलं तर काळं गामे, पांढऱ्या रसाचं. साल काळी, आत गर पाण्यासारखा, रंग सगळा सालीतनं येतोय. या गामेची एक गंमत आहे. १३९५ साली बर्गंडीच्या फिलिप नावाच्या ड्यूकनं फर्मान काढून हे द्राक्ष उपटून टाका म्हणून सांगितला होता, त्यात गामेला चक्क बेइमान म्हटलंय. कारण काय तर ते भरपूर पिकायचं, लवकर तयार व्हायचं, शेतकऱ्याला परवडायचं, पण ड्यूकला पिनो न्वार द्राक्षाची नाजूक वाइन पाहिजे होती. मग गामे दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर टिकलं आणि तिथं त्याचं सोनं झालं. शेतकऱ्याला परवडणारं पीक सरकारला बेइमान वाटणं काय नवीन नाही म्हणा.

आता बुलेटरावांचं नोव्हेंबर. ती बोजोले नुव्हो. सप्टेंबरात तोडणी आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात, दोन महिन्यांत बाटलीत. केळ्याचा वास तिचाच, आणि ती ताजीच प्यायची, बरोबर आहे. पण बोजोलेत दहा भाग असे आहेत की ते स्वतःच्या नावानं वाइन विकतात, लेबलवर बऱ्याच वेळा बोजोले शब्दसुद्धा नसतोय. मोर्गों, फ्लरी, ब्रुयी, मुलँ-आ-वाँ ही त्यातली. आणि त्या दहांत मोर्गों जरा हाडापेराची. तिथली जमीन कुजलेल्या खडकाची आहे, तिकडं तसंच म्हणतात, कोत द्यु पी नावाची टेकडी तर त्यासाठीच नावाजलेली. चांगली मोर्गों पाच-दहा वर्षं आरामात राहते. जुनी झाली की तिला चेरीचा, ओल्या मातीचा वास यायला लागतोय, आणि त्याला फ्रेंचमध्ये वेगळं क्रियापदच आहे, वाइन मोर्गोंली असं म्हणतात. म्हणजे २०२० ची ऐन जवानीत आहे, सॅलडवर घालू नकोस.

उन्हाळ्याचं म्हणशील तर बुचाकडं बघ. बूच वर सरकलेलं नसलं, कडेनं चिकट ओघळ नसला तर बहुतेक ठीक. आता रविवारपर्यंत तरी आडवी ठेव, शोकेसमधनं काढ, कपाटात खाली ठेव. आईंनापण बरं वाटेल.

कॅम्प_बुलेट

मान्य. मला नुव्होचंच माहीत होतं, पुण्याला एका पार्टीत पिलो होतो. व्हिनेगर शब्द मागे घेतो, रम नाही घेत.

निपाणीकर_७१

तांबड्या रश्श्याबरोबर वाइन... बाबांनो, माझा अनुभव ऐका. चार वर्षांपूर्वी माझ्या साडूनं बोर्दोची बाटली आणली होती, कॅबरने जातीची, जाड, काळीभोर. आम्ही काय केलो तर नेहमीसारखा रस्सा, त्यात घरची लाल चटणी, संकेश्वरी मिरचीची, तुम्हाला ती माहीतच आहे, नाव घेतलं तरी घाम येतोय. पहिला घोट रश्श्यावर घेतलो आणि तोंडात वणवा. वाइनची चव गेली कुठल्या कुठं, नुसतं तुरट लाकूड चावल्यासारखं, आणि तिखट दुप्पट. साडू म्हणाला महाग आहे, संपवा. संपवलो. दुसऱ्या दिवशी दही-भात.

तेव्हापासनं माझं मत असं की आपल्या जेवणाला बियर नाहीतर ताक. बाकी शो आहे.

खानापूर_रानवाट

काका, तुमचा रस्सा बरोबर होता आणि साडूची वाइनपण, लग्न चुकलं. जांभूळ जास्त खाल्लं की किंवा कडक काळा चहा घेतला की जीभ कशी आखडते, ते टॅनिन. कॅबरनेत ते भरपूर. मिरचीनं आधीच जीभ सोललेली असते, त्यावर टॅनिन घासलं आणि वर चौदा टक्के अल्कोहोल ओतलं की आग होणारच. गामेत टॅनिन कमी आहे. त्यांची करायची पद्धतच तशी आहे, घड फोडतच नाहीत, आख्खे घड टाकीत भरून टाकी बंद. खालचे मणी वजनानं चेचतात, ते आंबायला लागले की कार्बन डायऑक्साइड तयार होतोय, तो टाकीभर भरला की वरच्या आख्ख्या मण्यांच्या आतच आंबण्याचं काम सुरू होतंय. त्यामुळं रंग आणि फळाचा वास येतोय, तुरटपणा कमी उतरतोय. मोर्गोंवाले घड जरा जास्त दिवस ठेवतात म्हणून ती नुव्होपेक्षा भरीव, पण तरी बोर्दोच्या मानानं हलकीच.

आणि म्हणूनच बाळू, फ्रिजात ठेव. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी हे जे म्हणतात ते तिकडच्या दगडी घरातलं रूम टेंपरेचर, आपल्या टीव्हीच्या खोलीतलं नव्हे. ही वाइन १३-१४ अंशाला चांगली लागते. सध्या पाऊस आहे, बेळगावात घरात २३-२४ असेल, तर जेवणाच्या आधी पाऊण-एक तास फ्रिजात, दारात नको, आत. गार असली की तिखटाबरोबर जरा दम धरते. तरी संकेश्वरीसमोर ती पण टिकणार नाही, हे आधीच सांगतो.

शहापूरची_वैनी

मी स्वतः घेत नाही पण आमच्यात घेणारे आहेत, आणि वाढायला मीच असते, म्हणून लिहितेय. बाळूभावजी, एवढं अवघड करून घेऊ नका. मटण शिजवलं की त्याचं आळणी पाणी निघतंयच ना, त्याचा पांढरा रस्सा करा. नारळाचं दूध, काजू-खसखस-तीळ वाटून, लवंग-दालचिनी आणि मिरी, हिरवी मिरची एखादी आख्खी नुसती वासाला. माझे दीर मुंबईहून असलीच कुठली तरी हलकी रेड घेऊन आले होते तर पांढऱ्याबरोबर फार जमली म्हणाले, तांबड्याला कुणी हात लावला नाही त्या दिवशी. (तांबडा दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर मी खाल्ले, वाया काही गेलं नाही.)

सुक्क्याला संकेश्वरी घालूच नका, ब्याडगी घ्या. रंग लालभडक येतोय, पाहुण्यांना वाटतंय तिखट आहे, तोंडाला काही होत नाही. कांदा चांगला तपकिरी होऊ द्यायचा, सुकं खोबरं भाजून वाटायचं, पाणी अगदी आटवायचं, चरबीचे दोन तुकडे मुद्दाम ठेवायचे. लिंबू वरनं पिळू नका, ज्याला पाहिजे त्यानं ताटात घेऊ दे. आणि लोणचं त्या टेबलावर ठेवू नका, आंबट-खारट चव वाइनला मारते.

शाकाहारी कुणी असलं तर आता खानापूरच्या रानातली अळंबी बाजारात यायलेत. लोण्यावर लसूण टाकून परतायची, मीठ-मिरी, बास. बाकी मसाला घालून तिचा जीव घेऊ नका. ओळखीच्या बाईकडनंच घ्या, रानातली सगळीच खायची नसतात.

गोडाचं मात्र सांगून ठेवते, कुंदा ठेवलात तर वाइन आधी संपवा. गोडावर ती नुसती आंबट लागते, दीर तोंड वाकडं करून बसले होते.

अथणी_द्राक्षबाग

वाइन मी काय प्यायलो नाही जास्त, पण द्राक्ष म्हणलं की राहवत नाही. आमची सव्वातीन एकर थॉम्पसन आणि सोनाका, बेदाण्याला जातोय माल. रानवाट, तुम्ही म्हणालात आख्खे घड टाकीत, म्हणजे हातानंच तोडणी असणार, मशीननं मणी फुटतील. बरोबर काय?

आणि ही गामेची झाडं मांडवावर असतात का तारेवर? एकरी माल किती धरतात? आमच्याकडं एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, फेब्रुवारी-मार्चला माल. त्यांच्यात थंडीत बर्फ पडतंय तर दोन छाटण्या कशा बसवतात?

खानापूर_रानवाट

हातानंच तोडतात, बरोबर ओळखला. छाटणी एकच, थंडीत, वेल झोपलेला असताना. मार्च-एप्रिलात डोळे फुटतात आणि गामे लवकर फुटतंय, त्यामुळं उशिरा थंडी पडली की कोंब जळतात, तुमच्या फुलोऱ्यातल्या अवकाळीसारखं. मांडव नाही. जुनी पद्धत म्हणजे गुडघ्याएवढं बुटकं झुडूप, तार नाही, फांद्या पेल्यासारख्या वर. हेक्टरी दहा हजारापर्यंत झाडं दाटीनं लावलेली. एकरी किती माल यालापण तिकडं कायद्यानं मर्यादा आहे, जास्त पिकवलं तर गावाचं नाव लावता येत नाही.

अथणी_द्राक्षबाग

जास्त पिकवलं तर नाव काढून घेतात! आमच्याकडं हे सांगितलं तर ग्रामपंचायतीत मारामारी होईल.

एक हिशोब मी करून बघितलो. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल होतंय. बाळूच्या बाटलीवर १३ आहे म्हणजे रसात लिटरला २२० ग्रॅमच्या आसपास साखर पाहिजे. आमचा खायचा माल आम्ही १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) तोडतो, त्याच्यात एवढी साखर बसत नाही. बेदाण्याला २२ च्या वर नेतो तेव्हा बसेल. पण आमचा मणी जीए (मणी वाढवायचं संजीवक) मारून लांबवलेला, साल पातळ, बी नाही, रंग नाही. त्याची वाइन केली तर गोड पाण्याला दारू लागल्यासारखं होईल. वाइनचं द्राक्ष बारकं, बीवालं आणि रंगीत लागतंय ते यासाठी. एवढं वाचून आता मला ती बाटली बघाविशी वाटालीय. बाळू, रिकामी झाली की टाकू नका, लेबलचा फोटो तरी टाका.

निपाणीकर_७१

बाळूच्या जेवणाला निपाणीचे काका येणार म्हणाला, तो मी नव्हे हे स्पष्ट करतो. तरी बोलावलं तर येतो.

टिळकवाडी_बाळू

मंडळी, रविवार झाला. उशीर झाला सांगायला, दोन दिवस भांडी घासण्यात आणि ऐकून घेण्यात गेले.

पहिली फजिती बुचाची. बूच काढायचं यंत्रच घरात नाही हे बाटली फ्रिजात ठेवल्यावर लक्षात आलं. पावसात गणपत गल्लीत जाऊन दोन दुकानं फिरलो, एकानं लोणच्याच्या बरणीचं दाखवला, एकानं म्हणाला सोमवारी येतंय. शेवटी मेव्हण्यानं दाराचा लांब स्क्रू बुचात पिळला आणि पकडीनं ओढला. अर्धं बूच वर आलं, अर्धं आत पडलं. मग चहाच्या गाळणीत मलमल घालून काचेच्या जगात गाळून घेतलो. रानवाट, तुम्ही हे वाचून डोळे मिटून घ्या.

पण वाइन चांगली होती! खराब अजिबात नव्हती. रंग जाड नाही, उजेडात धरलं की पलीकडचं दिसतंय, कोकमाच्या सरबतापेक्षा जरा गडद. वास पहिल्यांदा काहीच आला नाही, दहा मिनिटांनी चेरीचा का कशाचा तो यायला लागला, आणि पाऊस पडून गेल्यावर अंगणात येतोय तसा एक. काका म्हणाले ही दारू वाटतच नाही, फळाचं पाणी आहे, आणि दुसरा ग्लास मागितले. बारा जणांत एक बाटली म्हणजे घोट-दीड घोटच की, तीर्थासारखी वाटलो.

वैनी, पांढरा रस्सा म्हणजे तुम्ही खरं बोललात. ते नारळाचं दूध आणि मिरी, त्यावर हा गार घोट, लई जमलं. सुकं ब्याडगीत केली होती बायको, त्याच्याबरोबर पण बरी, चरबीच्या तुकड्यावर जास्त बरी. तांबड्यावर मी मुद्दाम एक घोट घेऊन बघितलो, निपाणीकर म्हणाले तसा वणवा नाही झाला, पण वाइन कुठं गेली ते कळलं नाही, नुसतं गार काहीतरी लागलं. अळंबी मिळाली नाहीत, बाजारात गेलो तोवर संपली होती. कुंदा चुकून आधी फिरला, त्यानंतर धाकटा मेव्हणा म्हणाला यात लिंबू पिळलाय काय.

जगाच्या तळाला कपभर उरलीय, त्यात बुचाचे कण आहेत. ती किती दिवस राहते?

खानापूर_रानवाट

डोळे मिटले, उघडले. कपभर उरलेली लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून झाकण लाव, फ्रिजात दोन दिवस, तीन म्हणजे डोक्यावरनं पाणी. त्यापेक्षा उद्याच्या मटणाला मुरवताना घाल. आणि पुढच्या खेपेला मेव्हण्याला सांग, बाटलीबरोबर बूच काढायचं पण आण.

अथणी_द्राक्षबाग

बाटलीचं काय झालं? फोटो?

टिळकवाडी_बाळू

आई धुऊन त्यात घाण्यावरचं शेंगतेल भरली. म्हणाली काच जाड आहे, चांगली आहे, आता शोकेसमध्ये नको, स्वयंपाकघरात असू दे. लेबल अर्धं निघालंय पण मोर्गों शाबूत आहे, उद्या उजेडात फोटो टाकतो.